तीन मूत्रपिंडे, एक नलिका : पृष्ठवंशी भ्रूणातील मूत्रपिंडाची घडण

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात मूत्रपिंड तीनदा तयार होते, हे वाक्य भ्रूणशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठही करतात. आधी पूर्ववृक्क, मग मध्यवृक्क आणि शेवटी पश्चवृक्क. पहिली दोन मोडीत निघतात आणि सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन प्राणी यांच्यात तिसरे जन्मभर टिकते. वाक्य खरे आहे, परंतु ते वाचून असे वाटते की भ्रूण दोन कच्चे खर्डे लिहून फाडतो आणि तिसऱ्या खेपेस पक्की प्रत काढतो. माझ्या मते हा समज मुळातच दिशाभूल करणारा आहे आणि तो का, हे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात मध्यस्तरापासून करावी लागेल. भ्रूणाच्या तीन मूळ स्तरांपैकी मधल्या स्तराचे पाठीच्या मध्यरेषेपासून बाजूकडे जाताना तीन पट्टे पडतात. मध्यरेषेलगतच्या पट्ट्यापासून कशेरुका आणि पाठीचे स्नायू होतात, सर्वांत बाहेरच्या पट्ट्यापासून शरीरगुहेची अस्तरे होतात आणि या दोहोंच्या मध्ये जी अरुंद पट्टी उरते तिच्यातून मूत्रपिंडे व जननग्रंथी घडतात. मानेपासून थेट शेपटाकडच्या टोकापर्यंत ही पट्टी अखंड पसरलेली असते. तिन्ही वृक्के याच एका पट्टीतून, पुढून मागे, क्रमाने उमलतात; म्हणून त्यांना तीन वेगळे अवयव म्हणण्यापेक्षा एकाच पट्टीचे तीन टप्पे म्हणणे मला अधिक योग्य वाटते. 'पॅक्स २' आणि 'पॅक्स ८' ही दोन्ही जनुके नसलेल्या उंदराच्या भ्रूणात या पट्टीला मूत्रपिंडाची दिशाच मिळत नाही आणि पूर्ववृक्कसुद्धा तयार होत नाही.

मानवी गर्भात चौथ्या आठवड्याच्या आरंभी मानेच्या भागात काही पेशीगुच्छ आणि अर्धवट नलिका दिसू लागतात. हे पूर्ववृक्क. मानवात ते मूत्र तयार करत नाही आणि काही दिवसांतच विरून जाते. पण ते विरण्यापूर्वी त्याच भागात एक लांब नलिका सुरू झालेली असते. या नलिकेच्या टोकाच्या पेशी शेपटाकडे सरकत जातात, नलिका त्यांच्यामागे लांबत राहते आणि सुमारे २६व्या दिवशी ती अवस्करापर्यंत, म्हणजे आतडे व मूत्रमार्ग यांच्या भ्रूणातील सामाईक पोकळीपर्यंत, पोहोचते. कास्पार फ्रीडरिश वोल्फ या अठराव्या शतकातील भ्रूणशास्त्रज्ञाच्या नावाने ती 'वोल्फ नलिका' म्हणून ओळखली जाते. माझ्या दृष्टीने या साऱ्या कथेची नायिका हीच नलिका आहे.

ती मागे सरकत असताना ज्या ज्या भागातून जाते, त्या त्या भागातील शेजारच्या पट्टीला ती छोट्या आडव्या नलिका घडवण्यास प्रवृत्त करते. त्यातून मध्यवृक्क उभे राहते. मानवात प्रत्येक बाजूस अशा सुमारे ४० नलिका तयार होतात, परंतु त्या एकाच वेळी अस्तित्वात नसतात. पुढच्या विरत जातात आणि मागे नव्या बनत जातात. प्रत्येक नलिकेच्या एका टोकाला केशवाहिन्यांचा छोटा गुच्छ असतो आणि दुसरे टोक वोल्फ नलिकेत उघडते. सहाव्या ते दहाव्या आठवड्यांच्या दरम्यान हे अल्पजीवी मूत्रपिंड थोडेफार मूत्रही तयार करते. सस्तन प्राण्यांत याबाबत चांगलीच तफावत आहे : डुकराच्या भ्रूणात मध्यवृक्क इतके मोठे असते की उदरगुहेत ते लगेच नजरेत भरते, तर उंदरात ते नाममात्र असते.

वोल्फ नलिका अवस्कराजवळ पोहोचली की सुमारे २८व्या दिवशी तिच्या मागच्या टोकाजवळ एक अंकुर फुटतो. तो मूत्रवाहिनीचा अंकुर. हा अंकुर त्रिकास्थीच्या पातळीवर असलेल्या, त्याच मधल्या पट्टीच्या शेवटच्या भागातील सुट्या पेशींच्या समूहात, म्हणजे मेसेनकाइममध्ये, शिरतो आणि तेथून पश्चवृक्काची घडण सुरू होते. म्हणजे पश्चवृक्कासाठी अंकुर हवा, अंकुरासाठी नलिका हवी आणि नलिका सुरू होते ती पूर्ववृक्काच्या भागात.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. १९३८ साली सी. एच. वॉडिंग्टन यांनी कोंबडीच्या भ्रूणात मागे सरकणाऱ्या या नलिकेची वाट अडवली आणि अडथळ्याच्या पलीकडे मध्यवृक्काची नीट घडण होत नाही असे दाखवले. 'निरुपयोगी अवशेष' म्हणून ज्या पूर्ववृक्काची बोळवण केली जात होती, त्याचे भ्रूणाच्या घडणीतील काम त्यांनी त्या प्रयोगातून समोर आणले. मूत्र गाळणे हे अवयवाचे एक काम झाले; पुढच्या अवयवाची वाट आखून देणे हेही कामच आहे आणि भ्रूणात हे दुसरे काम अनेकदा पहिल्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

शंकेखोर

लेख आवडला, परंतु दोन शंका आहेत. पहिली अशी की मासा, बेडूक आणि सस्तन प्राणी यांची मूत्रपिंडे अनुक्रमे एकेक पायरी वर गेलेली आहेत आणि मानवी गर्भ त्याच पायऱ्या चढत पूर्वजांचा इतिहास पुन्हा जगतो, असे आम्हाला शिकवले गेले होते. आपल्या मांडणीत या विचाराला जागा आहे की नाही? दुसरी शंका अशी की पूर्ववृक्क नलिकेपुरतेच आवश्यक असेल, तर ज्या प्राण्यांत ते प्रत्यक्ष काम करते तेथे ते नेमके काय करते?

सूक्ष्मदर्शी

पहिल्या शंकेतील विचार अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६मध्ये मांडला आणि मूत्रपिंड हे त्याचे आवडते उदाहरण होऊन बसले. त्यात अडचण अशी आहे की प्रौढ मासा हा पूर्ववृक्कावर जगत नाही. बहुतेक मासे आणि उभयचर यांच्या प्रौढावस्थेतील मूत्रपिंड हे मध्यवृक्काच्या पट्टीतून आणि तिच्या मागच्या विस्तारातून बनलेले असते. पूर्ववृक्क त्यांच्यातही भ्रूणाचे किंवा अळीचेच असते. हॅगफिशसारख्या जबडा नसलेल्या प्राण्यांत पूर्ववृक्क प्रौढपणीही शिल्लक राहते, हा अपवाद लक्षणीय आहे, परंतु तेथेही मुख्य मूत्रपिंड मध्यवृक्कच असते. त्यामुळे मानवी गर्भ आधी 'मासा' होतो आणि मग 'बेडूक' होतो, असे म्हणता येत नाही. मानवी गर्भाचा पहिला टप्पा माशाच्या भ्रूणाच्या पहिल्या टप्प्याशी मिळतो, प्रौढ माशाशी नव्हे. उत्क्रांतीचा ठसा येथे नक्कीच आहे. तो शिडीच्या रूपात नाही, एवढेच. जी नलिका जुन्या टप्प्यातून निघते आणि जिच्याविना नवा टप्पा सुरूच होत नाही, ती जुन्या टप्प्यासकट टिकून राहते. पूर्ववृक्क पुसून टाकणारा एखादा बदल घडला असता, तर त्याच्यासोबत नलिकाही गेली असती आणि तिच्यासोबत उरलेली दोन्ही मूत्रपिंडेही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर बेडकाच्या अळीकडे पाहिले की मिळते. आफ्रिकी नखी बेडूक झेनोपस हा प्रयोगशाळांत फार वापरला जातो, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. त्याच्या अळीत डोक्याच्या मागे प्रत्येक बाजूस एकेक पूर्ववृक्क असते आणि ते म्हणजे वस्तुतः एकच मोठा नेफ्रॉन, म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ आणि त्याची नलिका मिळून होणारे मूत्रपिंडाचे मूळ एकक, असतो. त्यातील केशवाहिन्यांचा गुच्छ आपल्या मूत्रपिंडाप्रमाणे नलिकेच्या टोकाशी वाटीत बंदिस्त नसतो, तर तो शरीरगुहेत लोंबत असतो. तो रक्तातील द्रव शरीरगुहेत गाळतो आणि नलिकेची लोमयुक्त, नरसाळ्यासारखी तोंडे तो द्रव ओढून घेतात. मग नलिकेच्या भिंती त्यातील उपयुक्त क्षार परत शोषून उरलेले पाणी बाहेर सोडतात. अळी गोड्या पाण्यात राहते, तिच्या शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते आणि त्यामुळे पाणी सतत आत झिरपत राहते. दोन्ही बाजूंची पूर्ववृक्के काढून टाकली तर अळी पाण्याने फुगत जाते आणि मरते. तेव्हा तेथे पूर्ववृक्काचे मुख्य काम टाकाऊ पदार्थ काढण्यापेक्षा पाणी उपसण्याचे आहे.

झेब्राफिशच्या भ्रूणात तर अवघे दोन नेफ्रॉन असतात, त्यांचे केशिकागुच्छ मध्यरेषेवर एकत्र येतात आणि फलनानंतर सुमारे दोन दिवसांत गाळण सुरू होते. मानवी गर्भ गर्भजलात असतो आणि त्याचे टाकाऊ पदार्थ वारेतून आईच्या रक्तात जातात, म्हणून त्याला या टप्प्यावर उपसा करणारे पूर्ववृक्क लागत नाही. गाळणारा भाग गळून गेला, नलिका मात्र राहिली.

तळटीप

धागाकर्त्यांनी अंकुर मेसेनकाइममध्ये शिरतो येथे कथा थांबवली आहे, पण माझ्या मते खरी गंमत त्यानंतर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अंकुर आणि मेसेनकाइम यांपैकी कोणीही एकटा मूत्रपिंड घडवू शकत नाही, हे क्लिफर्ड ग्रोबस्टीन यांनी १९५०च्या दशकात दाखवले. त्यांनी उंदराच्या भ्रूणातील सुमारे ११ दिवसांचे पश्चवृक्क काढले, विकराच्या साहाय्याने अंकुर आणि मेसेनकाइम वेगळे केले आणि ते काचेच्या बशीत वाढवले. एकटे मेसेनकाइम नलिका न बनवताच मरून गेले, एकट्या अंकुराला फांद्या फुटल्या नाहीत. दोन्ही पुन्हा एकत्र ठेवल्यावर मात्र मूत्रपिंडाची घडण सुरू झाली. पुढे त्यांनी दोहोंच्या मध्ये अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा ठेवला, तरीही मेसेनकाइममध्ये नलिका तयार झाल्या. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की अंकुराऐवजी मज्जारज्जूचा तुकडा ठेवला तरी मेसेनकाइमने मूत्रपिंडाच्याच नलिका बनवल्या. याचा अर्थ असा होतो की 'काय बनायचे' हे मेसेनकाइमला आधीच ठरवून मिळालेले असते. अंकुराकडून त्याला 'आता बन' एवढाच इशारा लागतो.

या संवादातील संदेशवाहक रेणू पुढील काळात सापडत गेले. मेसेनकाइम 'जीडीएनएफ' नावाचे प्रथिन सोडते आणि वोल्फ नलिकेच्या पेशींवर 'रेट' नावाचा ग्राही असतो, जो ते प्रथिन ओळखतो. हे प्रथिन जेथे पोहोचते तेथे अंकुर फुटतो आणि त्याच संदेशाच्या ओढीने अंकुराला पुनःपुन्हा फांद्या फुटत जातात. 'रेट' किंवा 'जीडीएनएफ' निकामी केलेल्या उंदरांत बहुधा मूत्रपिंडेच नसतात. याउलट, या प्रथिनाने भिजवलेला मणी वोल्फ नलिकेशेजारी भलत्याच जागी ठेवला तर तेथेही अंकुर फुटतो. म्हणून भ्रूणाला हा संदेश पाठवण्याइतकेच तो मर्यादेत ठेवणेही भाग असते; 'स्लिट २' आणि त्याचा ग्राही 'रोबो २' यांची जोडी 'जीडीएनएफ'चा प्रदेश मागच्या टोकापुरता राखते आणि ती बिघडली की एकाच बाजूस एकाहून अधिक अंकुर निघतात.

उलट दिशेने जाणारा संदेशही तितकाच महत्त्वाचा आहे. अंकुराच्या दांड्यातून 'डब्ल्यूएनटी ९बी' हे प्रथिन निघते. फांदीच्या टोकाभोवती मेसेनकाइमच्या पेशींची टोपीसारखी दाट घडी असते. त्यातील काही पेशी 'सिक्स २' या जनुकाच्या जोरावर तशाच अविकसित राहतात आणि आपली संख्या वाढवत राहतात, तर काही फांदीच्या बगलेत सरकून गोळा होतात आणि 'डब्ल्यूएनटी ४' बनवू लागतात. हा हिशेब फार नाजूक असतो. 'सिक्स २' नसेल तर सगळ्याच पेशी एकदम नेफ्रॉन बनायला निघतात, राखीव साठा संपतो आणि मूत्रपिंड अगदी लहान राहते.

आता त्या बगलेतील गोळ्याकडे जवळून पाहू. सुट्या पेशी एकमेकींना चिकटून आधी भरीव गोळा होतो, मग आत पोकळी पडून एकेरी भिंतीचा फुगा तयार होतो. फुग्याच्या एका बाजूस खाच पडते आणि तो स्वल्पविरामासारखा दिसू लागतो. दुसरी खाच पडली की इंग्रजी 'एस' अक्षराचा आकार येतो. या 'एस'चे वरचे टोक अंकुराच्या फांदीला जोडले जाते आणि त्यातून दूरस्थ नलिका होते. मधल्या वळणातून केशिकागुच्छाजवळची निकटस्थ नलिका आणि तिच्यापुढचा, आकड्यासारखा वळलेला हेन्ले पाश होतो. खालच्या खाचेत रक्तवाहिन्यांच्या पेशी शिरतात, कारण त्या खाचेच्या एका भिंतीवरच्या पेशी, म्हणजे होऊ घातलेल्या पोडोसाइट (केशिकागुच्छाला बिलगून गाळणीचे काम करणाऱ्या पेशी), त्यांना बोलावणारे प्रथिन सोडत असतात. त्याच जागी केशिकागुच्छ आकाराला येतो आणि त्याला वाटीसारखी वेढणारी बाहेरची भिंत म्हणजे बोमन संपुट होय. एक बारीक गोष्ट मला विशेष वाटते. प्रौढ नेफ्रॉनमध्ये दूरस्थ नलिका फिरून फिरून आपल्याच केशिकागुच्छाच्या मुळाशी येऊन टेकते आणि तेथे मूत्रातील मिठाचा अंदाज घेणाऱ्या पेशींचा ठिपका असतो. ही भेट नंतर शोधून काढलेली नसते. 'एस'च्या आकारात ते दोन भाग मुळातच शेजारी असतात आणि मधला भाग कितीही लांबला तरी तो सांधा सुटत नाही.

थोडक्यात वाटणी अशी : केशिकागुच्छाच्या संपुटापासून दूरस्थ नलिकेपर्यंतचा नेफ्रॉन मेसेनकाइमचा, संग्राहक नलिका, मूत्रपिंडातील द्रोणी आणि मूत्रवाहिनी अंकुराची.

पानगळती

माहितीपूर्ण चर्चा. एक साधा प्रश्न विचारते. अंकुर त्रिकास्थीच्या पातळीवर फुटतो असे वर लिहिले आहे, पण मूत्रपिंडे तर कमरेच्या वर, शेवटच्या फासळ्यांपाशी असतात. ती तेथे जातात कशी? शिवाय आमच्या नात्यात एका मुलीला जन्मापासून एकच मूत्रपिंड असल्याचे सोनोग्राफीत कळले आणि डॉक्टरांनी गर्भाशयाचीही तपासणी करून घ्यायला सांगितले. मूत्रपिंडाचा गर्भाशयाशी काय संबंध, हे तेव्हा कोणी नीट समजावून सांगितले नाही.

संथवाहिनी

पानगळतीताई, मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून दोन्ही प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न करते. त्या मुलीबद्दलचा सल्ला तिचे डॉक्टरच देतील; मी फक्त त्यामागचे भ्रूणशास्त्र सांगते.

सहाव्या ते नवव्या आठवड्यांत मूत्रपिंडे श्रोणीतून वर कमरेच्या भागात जातात. यातील बराचसा भाग सापेक्ष आहे, म्हणजे गर्भाचा खालचा भाग झपाट्याने लांबतो आणि मूत्रपिंडे त्याच्या तुलनेत वर राहतात. या प्रवासात ती सुमारे ९० अंशांत फिरतात, त्यामुळे आधी पोटाकडे असलेली त्यांची खोबण मध्यरेषेकडे वळते. रक्तपुरवठाही वाटेत बदलत जातो : सुरुवातीला खालच्या धमन्यांतून रक्त मिळते, मग महाधमनीतून क्रमाक्रमाने वरच्या पातळीवर नव्या शाखा येतात आणि खालच्या शाखा विरतात. त्या सगळ्या विरतातच असे नाही, म्हणून पुष्कळ निरोगी माणसांत एखाद्या मूत्रपिंडाला दोन किंवा अधिक धमन्या आढळतात आणि प्रत्यारोपणापूर्वी शल्यचिकित्सक त्या आवर्जून पाहून घेतात. प्रवास अर्धवट राहिला तर मूत्रपिंड श्रोणीतच राहते. दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके एकमेकांना जुळली तर घोड्याच्या नालेसारखे एकच मूत्रपिंड बनते. साधारण ४०० ते ५०० माणसांत एकाला ते असते. ते बहुधा नेहमीपेक्षा खाली असते आणि पाठ्यपुस्तके त्याचे कारण असे देतात की त्याचा मधला जोड आतड्याला जाणाऱ्या खालच्या धमनीला अडतो.

आता गर्भाशयाबद्दल. गर्भाशय आणि बीजवाहिन्या म्युलर नलिकांपासून, म्हणजे वोल्फ नलिकांशेजारी असणाऱ्या भ्रूणातील दुसऱ्या नलिकाजोडीपासून, बनतात, आणि म्युलर नलिका वोल्फ नलिकेचा आधार घेतच मागे वाढते. म्हणून एखाद्या बाजूची वोल्फ नलिका बनली नाही किंवा अर्धवट राहिली, तर त्या बाजूस अंकुर नाही, म्हणून मूत्रपिंड नाही, आणि म्युलर नलिकेचीही घडण बिघडू शकते. एका बाजूचे मूत्रपिंड नसलेल्या मुलींत गर्भाशयाच्या रचनेतील दोष इतरांपेक्षा अधिक आढळतात ते यामुळे. मात्र मूत्रपिंड नसण्याचे कारण दर वेळी नलिकाच असते असे नाही. कधी अंकुरच फुटत नाही, तर कधी मूत्रपिंड बनून नंतर आक्रसते, आणि तेव्हा गर्भाशय पूर्णपणे व्यवस्थित असते. उरलेले मूत्रपिंड बहुधा आकाराने वाढून काम सांभाळते.

मध्यवृक्काचा शेवटही याच संदर्भात सांगण्याजोगा आहे. पुरुषात वोल्फ नलिका टिकते आणि तिच्यापासून अधिवृषण, शुक्रवाहिनी व शुक्राशय होतात. मध्यवृक्काच्या काही नलिका वृषणातून शुक्रपेशी बाहेर नेण्याच्या कामी येतात. स्त्रीमध्ये ती विरते, पण तिचे अवशेष अंडाशयाजवळ आणि योनीच्या भिंतीत राहतात आणि क्वचित त्यात द्रव साचून गाठ होते. म्हणजे 'मोडीत निघालेले' मूत्रपिंड निम्म्या मानवजातीत रोजच्या वापरात आहे.

तळटीप यांनी सांगितलेल्या दोन अंकुरांचा परिणाम दवाखान्यात आम्हाला दिसतो. एकाच मूत्रपिंडाला दोन मूत्रवाहिन्या असतील तर वरच्या भागाची मूत्रवाहिनी मूत्राशयात खाली उघडते आणि खालच्या भागाची वर. हे उलटे वाटते, पण कारण सोपे आहे : वोल्फ नलिकेचे मागचे टोक मूत्राशयाच्या भिंतीत सामावले जाते, तेव्हा अवस्कराच्या जवळ फुटलेला अंकुर आधी मूत्राशयात शिरून वर व बाजूला सरकतो आणि लांब फुटलेला अंकुर नलिकेबरोबर खाली ओढला जातो. खालच्या भागाच्या मूत्रवाहिनीत मूत्र उलटे चढण्याचा त्रास अधिक होतो, तर वरच्या भागाच्या मूत्रवाहिनीत अडथळ्याचा.

दोन्ही मूत्रपिंडे नसणे मात्र जिवावर बेतते आणि त्यामागचे कारण अनेकांना ठाऊक नसते. गर्भाचे रक्त वार शुद्ध करते, त्यामुळे पोटात असेपर्यंत गर्भ जगतो. परंतु दहाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाचे कायमचे मूत्रपिंड मूत्र तयार करू लागते आणि गर्भावस्थेच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः त्या मूत्राचेच असते. मूत्र नाही तर गर्भजल नाही. गर्भजल नाही तर फुप्फुसे नीट वाढत नाहीत, चेहरा आणि हातपाय दाबले जातात. एडिथ पॉटर यांनी १९४६मध्ये या लक्षणसमूहाचे वर्णन केले. अशी बाळे जन्मानंतर प्रथम श्वसनाच्या अभावी दगावतात. रक्तदाबावरील 'एसीई' रोधक गटाची औषधे गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत टाळली जातात, त्यामागेही गर्भाच्या मूत्रपिंडाची हानी आणि गर्भजल घटणे हेच कारण आहे.

शंकेखोर

संथवाहिनी यांचे उत्तर वाचून आणखी एक प्रश्न उभा राहिला. तळटीप यांनी सांगितलेली ही टोपीतील राखीव पेशींची शिदोरी कधीपर्यंत पुरते? जन्मानंतर नवे नेफ्रॉन बनू शकत असतील, तर मूत्रपिंडाचे आजार इतके असाध्य का ठरतात?

तळटीप

मानवात नाही बनत. सुमारे ३६व्या आठवड्यापर्यंत राखीव पेशी संपूर्ण वापरल्या जातात आणि त्यानंतर नेफ्रॉनची संख्या केवळ घटत जाते. उंदरात ही प्रक्रिया जन्मानंतर काही दिवस चालू राहते, म्हणून प्रयोगांसाठी ते सोयीचे पडते. मानवी नेफ्रॉनांपैकी निम्म्याहून अधिक शेवटच्या तिमाहीत बनतात, त्यामुळे फार अकाली जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत हा काळ गर्भाशयाबाहेर जातो.

संख्येतील तफावत थक्क करणारी आहे. सरासरी एका मूत्रपिंडात सुमारे ९ ते १० लाख नेफ्रॉन असतात, परंतु शवविच्छेदनांवर आधारित मोजणीत ही संख्या सुमारे २ लाखांपासून २५ लाखांच्याही पुढे गेलेली आढळली आहे. १९८८मध्ये बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की जन्मतः कमी नेफ्रॉन मिळालेल्या माणसाच्या प्रत्येक नेफ्रॉनवर अधिक ताण येतो आणि त्यातून पुढे उच्च रक्तदाब उद्भवू शकतो. २००३मध्ये जर्मनीतील एका अभ्यासात अपघातात मृत्यू पावलेल्या, रक्तदाबाचा त्रास असलेल्या १० जणांची मूत्रपिंडे आणि तसा त्रास नसलेल्या १० जणांची मूत्रपिंडे तपासली, तेव्हा पहिल्या गटात मध्यक संख्या सुमारे ७ लाख आणि दुसऱ्या गटात सुमारे १४ लाख भरली. नमुना लहान आहे आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, परंतु ब्रेनर यांच्या विचाराला तो पूरक आहे.

राखीव पेशी संपणे हा सर्वच पृष्ठवंशींचा नियम मात्र नाही. झेब्राफिश, गोल्डफिश आणि स्केट यांसारखे मासे प्रौढपणीही नवे नेफ्रॉन बनवतात आणि इजा झाल्यावर त्यांचा वेग वाढतो. सस्तन प्राण्यांनी ही क्षमता का गमावली, याबद्दल अनेक तर्क असले तरी मला त्यातील एकही पुरेसा पटलेला नाही.

सूक्ष्मदर्शी

तळटीप यांच्या उत्तराला एक जोड देतो, कारण ती मूळ मुद्द्याशी थेट भिडते. मूलपेशींपासून बशीत मूत्रपिंडासारखी रचना घडवण्याचे प्रयत्न गेल्या दशकात बरेच पुढे गेले. त्यातील मुख्य अडचण अशी होती की पेशींना मधल्या पट्टीपर्यंत आणले तरी पश्चवृक्काचे मेसेनकाइम काही मिळत नव्हते. २०१४मध्ये जपानमधील तागुची, निशिनाकामुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अंकुर देणारी वोल्फ नलिका पट्टीच्या पुढच्या भागातील पेशींपासून येते, तर मेसेनकाइमच्या पूर्वज पेशी बराच काळ भ्रूणाच्या मागच्या टोकाशी, शरीराचा मागचा भाग लांबवणाऱ्या पेशींसारख्याच अवस्थेत, थांबून राहिलेल्या असतात. तेव्हा दोन्ही प्रकारच्या पेशी हव्या असतील तर त्यांना दोन वेगळ्या वेळापत्रकांनी वाढवावे लागते. २०१५मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलिसा लिटल यांच्या गटाने मानवी मूलपेशींपासून नेफ्रॉन आणि संग्राहक नलिकेसारख्या रचना एकाच बशीत मिळवल्या, त्याही संदेशांच्या कालावधीचा असाच विचार करून.

अशा बशीतील रचनेत नेफ्रॉन बनतात, त्यात पोडोसाइटही असतात. परंतु त्या गर्भातील मूत्रपिंडाच्या पहिल्या तिमाहीतील अवस्थेपलीकडे फारशा पिकत नाहीत, त्यांना रक्तपुरवठा जेमतेम असतो आणि सर्व नेफ्रॉनांचे मूत्र गोळा करून बाहेर नेणारी, एकाच खोडाची फांद्यांची मांडणी नसते. गाळणी हजारोंनी मिळते आणि निचऱ्याची वाट मिळत नाही. भ्रूण मात्र निचऱ्याची नलिका आधी टाकतो, ती अवस्कराला जोडून घेतो आणि मगच तिच्या अंकुराभोवती कायमची गाळणी उभारतो.